डीडीटीबाबूची भिंत

"तुम्हाला माहीत नसणार," असं म्हणून तो थांबायचा. उजव्या हाताचं बोट ऐकणाऱ्याच्या छातीच्या रोखाने धरायचं, भुवया वर चढवायच्या आणि समोरचा माणूस "काय?" म्हणेपर्यंत गप्प उभं राहायचं. आपण विचारलं नाही तरी तो हलत नसे. कितीतरी वेळा मी नुसती सुटका करून घ्यायला "काय?" म्हटलं आहे. चुलीवर दूध ठेवलेलं, शाळेची वेळ झालेली, आणि हा कुंपणापलीकडे बोट रोखून उभा.

असा माणूस तुम्हीही कुठे ना कुठे पाहिला असेल. कचेरीत असतो, लग्नाच्या मांडवात असतो, रेल्वेच्या डब्यात समोरच्या बाकावर असतो. तुमचं स्टेशन आलं की सुटता तरी. आमचा तर हा शेजारीच होता. दोन्ही घरांच्या मध्ये तुराट्यांचं कुंपण तेवढं होतं, आणि त्याचा आवाज तुराट्यांनी अडणारा नव्हता.

आमचं गाव सालेकशाच्या अलीकडे, रेल्वेच्या रुळांना लागून. माझे यजमान तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराकडे मुनीम होते आणि मी गावातल्या मुलींच्या शाळेत शिकवायची. तेव्हा आमचा मुलूख मध्यप्रदेशात होता, पुढे मुंबई राज्यात गेला, पण गावात हिवताप दोन्ही राज्यांत सारखाच होता. पावसाळा सरत आला की घराघरात माणसं गोधड्या पांघरून कुडकुडत पडायची. मग सरकारने डास मारायची मोहीम काढली. पंप आले, पंप मारणारे मजूर आले आणि त्या मजुरांवरचा मुकादम म्हणून हा आला. कुठून तरी वऱ्हाडाकडून. बायको मात्र इकडची होती, नागऱ्याजवळच्या एका शेतकऱ्याची मुलगी. मूलबाळ नव्हतं. गाव त्याला डीडीटीबाबू म्हणायचं. त्याच्याविषयी "ते" असं बोलायला माझी जीभ आजही वळत नाही, तेव्हा मी "तो"च म्हणते.

ही सगळी माहिती तो आणायचा कुठून, हे मला लवकरच कळलं. गोंदियाला पगार घ्यायला गेला की स्टेशनबाहेरच्या रद्दीवाल्याकडून इंग्रजी मासिकांचे जुने अंक आणायचा. संध्याकाळी छपरीत खाट टाकून ते वाचायचा, आणि वाचलेलं सकाळपर्यंत पोटात ठेवणं त्याला जमत नसे.

त्यातलं काही खोटं असायचं असं नाही. खोटं असतं तर बरं झालं असतं, तोंडावर सांगता आलं असतं. पण तो नेमकी वेळ साधायचा. पाटलाच्या पुतण्याच्या लग्नात पंगत बसली होती. एका म्हाताऱ्या पाहुण्याच्या बुंदीवर माशी बसली आणि त्याने ती हाताने हाकलली. आता यात काय नवल आहे? पण शेजारच्या पानावर हा होता. माशी जिभेने नाही तर पायाने चव घेते, असा शोध शास्त्रज्ञांनी लावला आहे, हे त्याने त्या म्हाताऱ्याला सांगितलं. ते पाय त्याआधी कुठे कुठे टेकलेले असतात, हेही सांगितलं. म्हातारा पानावरून उठला. पंगतीतून पाहुणा उठला म्हणून पाटलाने तेव्हापासून याच्यावर दात धरला.

माझ्या यजमानांना दुपारी जेवून लवंडायची सवय होती. त्यांना याने सांगितलं, माणूस आयुष्याचा तिसरा हिस्सा झोपेत घालवतो, हे मोजलेलं आहे, आणि तुमचा हिस्सा त्याहून मोठा दिसतो. यजमान भले माणूस, ते हसले. मी हसले नाही. माझ्या नवऱ्याला बोलायचं तर मी आहे, शेजाऱ्याने कशाला बोलावं?

शाळेत तर त्याने कहरच केला. डासांविषयी मुलींना चार शब्द सांगतो म्हणाला. सरकारी काम, मी नाही म्हणू शकले नाही. डास रक्त पिऊन जड होतो, त्याला फार उडवत नाही, मग तो जवळच्या भिंतीवर टेकतो. भिंतीवर औषध असलं की पायाला लागून मरतो. इथपर्यंत ठीक होतं, मुली ऐकत होत्या. मग बोट वर आलं. "तुम्हाला माहीत नसणार. नर डास कधीच चावत नाही. चावते ती फक्त मादी."

दुसऱ्या दिवशी ते गावभर झालं. चहाच्या टपरीवर, विहिरीवर, जो तो पुरुष आपल्या बायकोकडे बघून मादीच चावते म्हणायला लागला. फिदीफिदी हसायचं आणि म्हणायचं, आता तर सायंसनेच सांगितलं. मी कुंपणाशी जाऊन त्याला चांगलं सुनावलं, की मादी चावते ती अंडी घालायला, पोरांसाठी चावते, हे तुम्ही का नाही सांगितलं? तो म्हणाला, वेळ संपली होती. आणि वर, हे तुम्हाला माहीत आहे याचं आश्चर्य वाटलं, बाई. माझ्या हातात तेव्हा फुंकणी होती. मी ती खाली ठेवली हे माझे उपकार.

रशियाने आकाशात चंद्र सोडला त्या दिवाळीच्या सुमारास त्याने उजाडायच्या आत सगळी आळी उठवली. दार वाजवून वाजवून उठवली. माणसाने केलेला चंद्र डोक्यावरून जाणार, पुन्हा बघायला मिळणार नाही. सगळी माणसं कांबळी गुंडाळून धानाच्या बांधावर उभी राहिली. धुकं इतकं होतं की शेजारचा माणूस दिसेना. तो मात्र वर बघून, आत्ता जात असेल, आत्ता गेला असेल, असं सांगत होता. तो गेला असं त्याने जाहीर केल्यावर लोक शिव्या देत घरी आले. पाटलाची सून गरोदर होती, तिलाही उठवलं होतं.

आणखी एक सांगते, म्हणजे त्याच्या घराची कल्पना येईल. एकदा तो सांगत होता, अमेरिकेत घरोघरी चित्रांची पेटी आली आहे. जेवताना तिथली माणसं एकमेकांकडे बघत नाहीत, पेटीकडे बघतात. मी म्हटलं, काही काही घरांत ती फारच सोयीची होईल. त्याला ते कळलं नाही. पण आत चुलीपाशी त्याची बायको, आमची वहिनी, हसली. मोठ्याने हसली आणि मग पदर तोंडात धरला. वहिनीला हसताना मी ऐकलं ते तेवढं एकदाच.

आता वहिनीचं सांगायला हवं, कारण खरं भांडण तिच्याच घरात होतं.

आमच्याकडे भिंतीला चुना नव्हता. छुई असायची, म्हणजे पांढरी माती. ती खाणीतून आणायची, भिजवायची, गाळायची आणि फडक्याने हाताने भिंतीवर चढवायची. त्याला पोतणं म्हणतात. पोळ्याला घर पोतायचं, दिवाळीला पोतायचं, लग्न निघालं की पोतायचं. भिंतीवर बोटांच्या रेघा एका वळणाने आल्या पाहिजेत, त्यावरून बाईचा हात ओळखतात. पोरगी बघायला आलेले पाहुणे पोरीच्या आधी भिंत बघतात. वहिनीचं माहेर तर यात नावाजलेलं. तिच्या आईने पोतलेली भिंत बघायला शेजारच्या गावच्या बायका यायच्या, असं ती सांगायची.

आणि डीडीटीचं औषध काय, तर भिंतीवर मारायचं आणि तिथेच राहू द्यायचं. ते वाळलं की भिंतीवर मळके ओघळ दिसत, वास येई. पंपवाले पाठ फिरवून जातात न जातात तोच बायका छुई भिजवायला घेत. औषध खाली आणि छुई वर. डास येऊन टेकायचा तो छुईवर, आणि सुखाने बसायचा. असं गावोगावी चाललं होतं. याने ते ओळखलं आणि त्याचं डोकं फिरलं. भिंत पोतली की औषध मेलं, हे तो दारोदार सांगत सुटला. सांगितलं म्हणण्यापेक्षा वसकन अंगावर गेला म्हणा. दिवाळीला घर पोतू नका, असं सणाच्या तोंडावर बाईला सांगायचं तर कसं सांगावं, याचा शोध काही कुठल्या शास्त्रज्ञाने लावला नव्हता.

गावाने ऐकावं म्हणून त्याने स्वतःच्या घरापासून सुरुवात केली. आपल्या घराची भिंत पोतायची नाही. पोळ्याला नाही, दिवाळीला नाही. वहिनीने पहिल्या वर्षी समजूत घातली, दुसऱ्या वर्षी जेवण टाकलं. निदान समोरची तरी पोतू द्या म्हणाली. तो म्हणाला, डास समोरून येत नाही असं तुला कोणी सांगितलं? तिची दुसरी कसलीच मागणी नव्हती. दागिना नको, लुगडं नको, एक दिवाळी तिला आपलं घर पांढरं करायचं होतं.

भाऊबीजेला तिचा भाऊ भावजयीला घेऊन आला. सगळं गाव पांढरंशुभ्र आणि हे एकच घर ओघळांनी माखलेलं. आमच्याकडे दिवाळीत घर पोतलेलं नसलं तर त्या घरात वर्षभरात कोणी गेलं असं समजतात. भावजयीने दारातूनच कोण गेलं म्हणून विचारलं. वहिनीने मला हे कुंपणाशी येऊन सांगितलं. "दिवारी आली का मले कुठं तोंड लपवू असं होते, बाई," ती म्हणाली. "मानसानं डास मारावं, पन घरच्या बाईले जितंपनी कायले मारून राहिले?" मला तिच्यासाठी वाईट वाटलं आणि त्याचा संताप आला. खरं तर संताप आधीपासूनच होता, त्याला आता चांगलं कारण मिळालं.

पहिल्या वर्षी गावाने त्याला डोक्यावर घेतलं होतं, हेही सांगितलं पाहिजे. औषध मारलं आणि घरातले ढेकूण पटापट मेले. डास मेले का नाही ते कोण बघतो, ढेकूण मेलेले दिसतात. खाटांखालून सुपाने भरून काढले. लोकांनी याच्या घरी तळ्यातली मासोळी पाठवली, लाखोळीची डाळ पाठवली. हा गावात आला म्हणजे देवच आला असं झालं. पुढे पुढे ढेकूण मरेनात. औषध तेच, पंप तोच, पण ढेकूण भिंतीवरून आरामात फिरायचे. मग गावाने सरळ हिशेब मांडला, की औषधात पाणी घालून हा बाकीचं विकतो.

पाटलाने त्याला चावडीपुढे गाठलं तेव्हा माझे यजमान तिथे होते. पाटील म्हणाला, "बाबू, पयले ढेकून मरत होते, आता नाई मरून राहिले. दवाई कुठं जाऊन राहिली?" दुसरा कोणी असता तर शपथ घेतली असती, हात जोडले असते. याने बोट रोखलं. जे ढेकूण औषधातून वाचतात त्यांच्या पिलांना ते औषध बाधत नाही, हा मोठा शोध आहे, मासिकात आला आहे. इथवर बोलून थांबला असता तरी चाललं असतं. पण तो म्हणाला, ढेकूणसुद्धा अनुभवाने शिकतात, तुम्ही शिकत नाही. पाटील चावडीत निघून गेला. पण त्या दिवसानंतर बायका दोन हात चढवायच्या तिथे तीन हात छुई चढवायला लागल्या. जिद्दीने चढवायच्या.

मग तो पोळा आला. पावसाने उघडीप दिली तसं मजुरांनी गाव फवारून घेतलं होतं आणि पोळा जवळ आला तशी घरं पोतून झाली होती. गावात एक म्हातारी होती, एकटी राहायची, पण तिची भिंत गावात सगळ्यांत देखणी. छुईवर गेरूने बैलजोडी काढायची, वेल काढायची. पोळ्याच्या सकाळी हा तिच्या घरात घुसला. नुसता घरात नाही, रांधणीत. आमच्याकडे परक्या माणसाने चुलीपर्यंत जायचं नसतं, आणि हा पायताणासकट गेला. बरोबर दोन शेजारणींना ओढून नेलं होतं. त्यांच्यासमोर त्याने खुरपं घेतलं आणि भिंतीवरची छुई खरवडली. बैलजोडीवरच खुरपं चालवलं. खालचे औषधाचे मळके ओघळ दिसायला लागले तसं तो म्हणाला, बघा, इथे पडलं आहे औषध, आणि वर तुमची नक्षी.

म्हातारी पदर खोचून पुढे झाली. मग तिने तोंड सोडलं. "माह्या चुलीपाशी येऊन माही भीत खरवडतं? तुले का तुह्या बापानं बांधून देल्ली होती का रे ते?" पुढचं मी लिहीत नाही. त्याचं सात पिढ्यांचं तिने काही ठेवलं नाही. तो शांतपणे खुरपं पुसत होता. त्याचं काम झालं होतं, शास्त्रीय पुरावा दाखवून झाला होता. आपण एका बाईचा सण नासला हे त्याच्या गावीही नव्हतं. मला वाटतं, त्याच्या डोळ्यांना भिंतीच्या आतलं दिसायचं आणि भिंतीपुढे उभं असलेलं माणूस दिसत नसे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत काढतात, गावाची पीडा वाहून नेणारी बाई मानतात तिला. घरोघरीचा केरकचरा, जुन्या केरसुण्या, पळसाच्या डहाळ्या घेऊन पोरंटोरं आणि तरणे गावाबाहेर जातात, आणि जाताना ओरडतात, की सगळी इडापिडा घेऊन जा. खोकला घेऊन जा, खरूज घेऊन जा, ढेकूण घेऊन जा, डास घेऊन जा. गावाला नको असलेलं सगळं तिच्या पदरात घालायचं आणि वेशीबाहेर टाकून मागे न बघता परत यायचं.

त्या वर्षी मिरवणूक त्याच्या घरापुढे आली आणि थांबली. सुरुवात कोणी केली कोण जाणे. ढेकूण झाले, डास झाले, आणि मग एकदम दहा-वीस आवाजांनी ओरड झाली, "डीडीटीबाबूले घेऊन जा गे मारबत." पुन्हा ओरडले, पुन्हा ओरडले. म्हातारी आपल्या दारात उभी होती. पाटील ओट्यावर बसून पान लावत होता. आम्ही बायका कुंपणाशी होतो आणि हसत होतो. हसायला येणारच, इतक्या वर्षांत त्याला पहिल्यांदा गावाने उत्तर दिलं होतं.

तो बाहेर आला. मला वाटलं चिडेल, दगड उचलेल. त्याने बोट वर केलं. "तुम्हाला माहीत नसणार. डास असा वेशीबाहेर जात नाही. जिथे जन्मतो त्याच्या आसपासच राहतो." लोक आणखी हसले. त्याच्या मागे दारात वहिनी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती आत गेली आणि दार लोटून घेतलं, तो बाहेरच राहिला.

भादव्याच्या मध्यावर तो मजुरांना घेऊन वर डोंगराकडच्या एका गोंड वस्तीवर गेला. परतीच्या दिवशी नाल्याला पूर आला, पावसाची झड लागली आणि तो दहा-बारा दिवस तिकडेच अडकला. ज्या घरात झोपायची सोय झाली त्या घराच्या भिंती पोतलेल्या होत्या. आल्यावर मला त्याने हे सांगितलं ते तक्रारीच्या सुरात नाही. पुरावा मिळाल्यासारखा बोलत होता. भिंतीवर इतके डास बसले होते, बाई, की हात ठेवायला जागा नव्हती. आणि सगळे जिवंत.

आला तोच तापाने फणफणलेला. वस्तीवरही घरोघरी ताप होता आणि त्याच्या थैलीतल्या हिवतापाच्या गोळ्या तिथेच वाटून संपल्या होत्या. हे त्याच्या मजुरांनी सांगितलं. जगातली एवढी माहिती हा माणूस मला कुंपणावरून ऐकवायचा, ही मात्र त्याला सांगण्यासारखी वाटली नाही.

माझे यजमान गाडीची चौकशी करायला स्टेशनवर गेले आणि मी वहिनीजवळ बसले. त्याला हुडहुडी भरली होती. खाट हलत होती. घरातल्या सगळ्या गोधड्या घातल्या, मग मी आमच्या आणून घातल्या. दातांवर दात आपटत असताना त्याने मला बघितलं आणि हात गोधडीबाहेर काढायची धडपड केली. बोट निघालं. "तुम्हाला माहीत नसणार," तो म्हणाला. "ही थंडी खरी नसते. अंग तापलेलं असतं, आणि माणसाला वाटतं…"

"माहीत आहे," मी म्हटलं. "गप पडा."

मी त्याचा हात धरून परत गोधडीत घातला. हात भाजत होता. इतक्या वर्षांत त्याला मी वाक्य पुरं करू दिलं नाही ते तेव्हाच.

गोंदियाला नेलं, पण ताप डोक्यात गेला होता. दोन दिवसांनी वहिनी परत आली ती एकटी.

 म्हातारीने तीन दिवस चूल पेटवली नाही असं म्हणतात, खरं खोटं देव जाणे. पाटलाने तेरवीचा तांदूळ पाठवला. जो तो दुसऱ्याला विचारायचा, मारबतीपुढे पहिल्यांदा कोण ओरडलं, आणि जो तो म्हणायचा, मी नव्हतो. गाव घाबरलं होतं. आपण मागितलं आणि तिने ऐकलं. कोणी डासाने मेला म्हणत नव्हतं, मारबतीने नेला म्हणत होते. तो असता तर कुंपणाशी येऊन, बोट रोखून त्याने हे खोडून काढलं असतं, आणि खरं सांगते, मला ते हवं होतं.

दिवाळी आली. बायका छुई आणायला खाणीवर गेल्याच नाहीत. कोणी कोणाला बजावलं नव्हतं, बैठक झाली नव्हती. म्हातारीच्या भिंतीवरची ती खरवडलेली जागासुद्धा तशीच होती. मीही घर पोतलं नाही. मला त्याचं शास्त्र पटलं होतं म्हणा, नाहीतर भीती वाटली म्हणा, हात धजावला नाही एवढं खरं. सगळ्या गावात भिंतींवर त्याचे ते मळके ओघळ, आणि त्यांच्यापुढे मांडलेले दिवे. इतकी अवकळा आलेली दिवाळी मी दुसरी पाहिली नाही.

धनतेरसच्या सकाळी कुंपणापलीकडे फडकं आपटल्याचा आवाज आला. मी वाकून पाहिलं. वहिनी खाटेवर उभी राहून भिंत पोतत होती. कासोटा मारलेला, कोपरापर्यंत हात पांढरे. समोरची भिंत झाली होती, बाजूची चालू होती. घर पाटलाचं, भाड्याचं. भाऊबीजेला भाऊ बैलबंडी घेऊन येणार होता आणि ती कायमची माहेरी जाणार होती, हे मला माहीत होतं. त्या घरात तिचे आता चारच दिवस उरले होते.

रस्त्याने जाणाऱ्या बायका थबकायच्या, बघायच्या आणि खाली मान घालून निघून जायच्या. नवरा जाऊन महिना दीड महिना झाला नाही आणि ही घर सजवते, असं म्हणायला एकीचीही हिंमत झाली नाही. मी कुंपण ओलांडून गेले. तिचा हात थांबला नाही. काय हात होता, तुम्ही बघायला हवा होता. एका वळणाच्या रेघा, छपराच्या वळचणीपासून जोत्यापर्यंत कुठे खंड नाही.

"वहिनी," मी म्हटलं, "कशाला आता?"

तिने फडकं बादलीत बुडवलं, पिळलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"आता कोनी अडवत नाई, बाई," ती म्हणाली आणि तिने पुन्हा भिंतीवर हात फिरवला. दोनदा फिरवला आणि मग भिंतीला कपाळ लावून तिथेच उभी राहिली. छुई ओली होती. तिचं कपाळ, कुंकवाची मोकळी जागा, सगळं पांढरं झालं.

त्या माणसाचा इतका राग मला तो जिवंत असताना कधी आला नव्हता. इतकं सगळं माहीत असलेला माणूस, आणि या भिंतीवर हिचा जीव होता एवढं माहीत नसावं त्याला? मी खाली बसले, दुसरं फडकं घेतलं आणि मागची भिंत पोतायला लागले. त्या दिवाळीला आमच्या गावात पांढरं घर एकच होतं.